पाळणा आणि परिपत्रक

लोहारा आधी गाव होते. मग जनगणनेच्या भाषेत ‘शहर’ झाले, आणि यवतमाळ नगर परिषदेची हद्द वाढली तेव्हा खरोखरच शहरात गेले. ग्रामपंचायत गेली, सरपंचपद गेले, घरपट्टीच्या पावतीवरचा शिक्का बदलला. एक अट मात्र गावातून शहरात जशीच्या तशी आली. ग्रामपंचायतीच्या कायद्यात होती, ती नगर परिषदेच्या कायद्यातही आहे: सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर निवडणुकीला उभे राहता येत नाही.

दारव्हा रोडवरच्या या वस्तीत निवडणूक जवळ आली की इच्छुकाचे शिक्षण, पैसा, जात यांच्या आधी त्याची पोरे मोजली जातात. विरोधक मोजतात, आणि जन्मतारखांसकट मोजतात. लहान कुटुंबाचे धोरण सर्वात बारकाईने कोणी राबवले असेल तर ते पडलेल्या उमेदवारांनी.

*

प्रश्न साधा आहे. सरकारच्या सांगण्याने माणसे पोरे कमी-जास्त करतात का? उत्तर साधे नाही. याचे कारण असे की ज्या काळात सरकार सांगत होते, त्याच काळात शाळा निघाल्या, लग्नाचे वय वाढले, टीव्ही आला, शेताचे तुकडे झाले आणि बाळे जगू लागली. यातल्या कशाचा वाटा किती, हे एकट्या जन्मदराकडे पाहून कळत नाही.

*

आकडे लिहून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये २०,७७,१४४ होती, २००१ मध्ये २४,५८,२७१ आणि २०११ मध्ये २७,७२,३४८. पहिल्या दहा वर्षांतली वाढ १८ टक्क्यांवर, पुढच्या दहा वर्षांतली १३च्या आत. दोन अपत्यांचा नियम नेमका या दुसऱ्या दशकातला. भाषण करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

पण लोकसंख्येची वाढ म्हणजे जन्म नव्हेत. माणसे पुण्याला, नागपूरला, सुरतेला जातात, तीही या वजाबाकीत येतात. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या चक्क घटली. तिथे काही वेगळे कुटुंबनियोजन चालले नव्हते. मुंबईची वाट जुनीच होती.

*

म्हणून बाईमागे किती मुले, हा आकडा बघावा. त्याला एकूण जननदर म्हणतात. आजचे प्रमाण कायम राहिले तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याचा तो अंदाज. २.१च्या आसपास असला की पिढी आपली जागा भरून काढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्र: १९९२-९३ मध्ये २.८६, १९९८-९९ मध्ये २.५२, २००५-०६ मध्ये २.११, २०१५-१६ मध्ये १.८७, २०१९-२१ मध्ये १.७१.

आता नियमांच्या तारखा यांच्याशेजारी ठेवा. पंचायतीचा नियम २००१ पासून लागू. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५चे. पहिल्या दोन पाहण्यांमधल्या सहा वर्षांत दर ०.३४ने उतरला, नियम यायच्या आधी. २००५-०६ नंतरच्या दहा वर्षांत ०.२४ने. म्हणजे दोन्ही नियम आल्यानंतरच्या दशकात उतार मंदावला.

यावरून नियमाने उलटेच झाले असेही म्हणता येत नाही. तळ जवळ आला की कोणताही उतार मंदावतो. पण नियमाने दर खाली आणला, हे वाक्य या आकड्यांवर उभे राहत नाही एवढे खरे.

*

खरी कसोटी अशी: नियम नसता तर काय झाले असते? ते पाहायला दुसरा, अगदी तसाच महाराष्ट्र हवा. तो नाही.

पण बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे, तिथे असे काहीसे करून पाहिले गेले. १९७७पासून निम्म्या भागात गावातल्याच शिकलेल्या स्त्रिया घरोघर जाऊन गोळ्या, इंजेक्शने, सल्ला देऊ लागल्या. उरलेल्या भागात नेहमीची सरकारी सेवा. गरिबी सारखी, धर्म सारखा, पूर सारखा. काही वर्षांत पहिल्या भागातला जननदर दुसऱ्यापेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी झाला. सक्ती नव्हती, बक्षीस नव्हते, अपात्रता नव्हती. दारात कोणीतरी येत होते.

धोरणाने जन्मदर हलतो, याचा माझ्या वहीतला सर्वात भक्कम पुरावा हाच. हलला तो कुठे? जिथे बायकांना थांबायचे होतेच आणि साधन हाताशी नव्हते.

*

आपल्याकडे हा विषय सरकारने लोकांकडे नेला, असा समज आहे. सुरुवात उलट झाली. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, प्राध्यापकी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले. ठरावाच्या बाजूने ११ मते, विरोधात ५२.

त्या भाषणाचा रोख देशाच्या लोकसंख्येइतकाच बाईच्या जिवावर होता. चौदा वर्षांनी, १९५२ मध्ये, भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. बाई हळूहळू मागे पडली आणि उद्दिष्ट पुढे आले.

*

उद्दिष्ट, म्हणजे टार्गेट. केस, म्हणजे ऑपरेशनला तयार झालेली बाई. ‘केस मिळाली का?’ हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रात वकिलांपेक्षा नर्सबाईंनी जास्त ऐकला असेल. एके काळी तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी, सगळेच केस शोधत फिरत.

*

आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. त्याआधीच्या वर्षात २७ लाखांच्या आसपास होत्या. महाराष्ट्र इतरांच्या एक पाऊल पुढे गेला. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. नाहीतर जगातला तसा पहिला कायदा मराठीत लिहिला गेला असता.

आता परिणाम पाहा. १९६१ ते ७१ या दशकात देशाची लोकसंख्या २४.८० टक्क्यांनी वाढली. १९७१ ते ८१ मध्ये २४.६६ टक्क्यांनी. एवढी धरपकड, एवढी भीती, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नोंदवलेले नसबंदीनंतरचे १,७७४ मृत्यू, आणि फरक ०.१४चा.

असे का? एक म्हणजे मृत्यूही कमी होत होते, म्हणून वाढीचा दर जागचा हलला नाही. दुसरे, कोटा भरायचा असला की हाती लागेल त्याला बसवतात, आणि हाती लागत ते बरेचसे ज्यांचे कुटुंब पुरे झालेले होते असे पुरुष. त्यांची नस बांधून न होणारी मुले तशीही फारशी होणार नव्हती. तिसरे, पुढची कित्येक वर्षे लोक या विषयाला आणि दवाखान्याला बिचकले. १९७७ ते १९८४ या काळात देशाचा जन्मदर हजारी ३३च्या घरात अडकून पडला.

*

आणीबाणीच्या त्या वर्षात दर चार नसबंद्यांपैकी तीन पुरुषांच्या होत्या. सरकार पडले, आणि त्यानंतर कोणत्याही सरकारने पुरुषाच्या वाटेला जायचे धाडस केले नाही. भार बाईवर आला. टाक्याचे ऑपरेशन, मग दुर्बिणीचे. महाराष्ट्रात आज विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण एक टक्काही भरत नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नाही, मोबदलाही बाईपेक्षा जास्त. तरीही.

धोरणाने जन्मदर किती बदलला हे वादाचे आहे. कोणाच्या अंगावर सुरी चालते, हे मात्र धोरणाने पुरते बदलले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने झाली आणि किमान तेरा बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे बंद करायला सांगितले. ८३ हा आकडा वरच्या अहवालात ‘साध्य’ म्हणून गेला असता.

*

आशाताईला उंबऱ्यावर हमखास मिळणारे उत्तर:

‘दोन पोरीच हायत न बाई. एक पोट्टा होऊ द्या, मंग पाहू आपरेशनचं.’

सून आत असते. उत्तर सासू देते.

*

दोन अपत्यांच्या नियमाचा अभ्यास झालेला आहे. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती या अर्थशास्त्रज्ञांनी पंचायतींत अपात्रतेची अट लावणाऱ्या राज्यांतले जन्म तपासले. अट आल्यावर तिसऱ्या मुलांचे प्रमाण घटलेले दिसले. म्हणजे नियमाचा परिणाम शून्य नाही. पण सोबत आणखी एक गोष्ट दिसली: वरच्या जातींत, जिथे पहिली मुलगी होती, तिथे पुढच्या जन्मांत मुलग्यांचे प्रमाण वाढले.

संख्येवर दाब दिला, तो लिंगावर फुटला. हरियाणाच्या ‘देवी रूपक’ योजनेबद्दल अनुकृती यांचेच दुसरे काम आहे, तेही असेच बोलते. सरकारने एका-दोन मुलांवर थांबायला पैसे दिले; लोक थांबले, पण मुलगा आहे याची खात्री करून.

महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीवर कायदा १९८८ मध्येच केला, देशात सर्वांत आधी. तरीही ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. एका हाताने दोनच मुले म्हणायचे, दुसऱ्या हाताने सोनोग्राफीला सील ठोकायचे. दोन्ही हात एकाच सरकारचे.

*

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद विरुद्ध हरियाणा या निकालात दोन अपत्यांची अट वैध ठरवली. पुढे तिसरे मूल दत्तक देऊन पद वाचवायचे प्रयत्न झाले. २०१८ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की दत्तक दिले तरी मूल झाले ते झालेच.

नियम वैध की अवैध, हे न्यायालय सांगू शकते. नियमाने किती मुले कमी झाली, हे सांगणे न्यायालयाचे काम नाही. पण निकाल हाती आला की दोन्ही प्रश्न सुटल्यासारखे वाटतात.

*

आता खरा हिशेब, कापसाचा.

हा पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. कापूस वेचायला हात लागतात, आणि हात लहान असले तरी चालतात. सहा-सात वर्षांचे पोर बोंड वेचते, दहा वर्षांचे गुरे राखते. त्या घरात चौथे मूल म्हणजे आणखी दोन हात आणि म्हातारपणी आणखी एक चूल. अशा घराला ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’ म्हणणे म्हणजे चुकीचे गणित शिकवणे.

गणित बदलले ते पोर शाळेत गेले तेव्हा. हात दोन कमी झाले आणि फी, वह्या, ऑटो, ट्यूशन, पुढे यवतमाळला किंवा अमरावतीला खोली, हे सगळे वाढले. शेत तेवढेच, वाटण्या जास्त. मूल कमावते होते ते खर्चिक झाले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंड यूकोची डेनिमची गिरणी आहे. तिथे दहा वर्षांच्या पोराला काम नाही, आणि नसावेच. कारखान्याच्या पगारात चार मुले इंग्रजी शाळेत बसत नाहीत. हे कोणत्याही भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढून सांगावे लागले नाही.

मग शाळा काढणे हे लोकसंख्या धोरण नव्हे का? होते. फक्त त्या खात्याच्या अहवालात ते त्या नावाने येत नाही.

*

अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी १९९४ मध्ये एक त्रासदायक निष्कर्ष मांडला. देशादेशांतल्या जननदरातला बहुतांश फरक, नव्वद टक्क्यांच्या आसपास, बायकांना किती मुले हवी आहेत यानेच समजावता येतो. साधने किती वाटली याचा वाटा थोडा. कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्यांना हे पटले नाही, आणि मतलबचे आकडे दाखवून ते भांडू शकतात.

मला दोन्ही खरे वाटते. किती हवीत, हे घर ठरवते. हवी त्याहून जास्त होऊ नयेत, हे दवाखाना बघू शकतो.

*

मूल जगेल का, हाही धोरणाचा भाग. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या कामाच्या गावांत १९८८ मध्ये हजारी १२१ अर्भके दगावत. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि २००३पर्यंत हा आकडा ३०वर आला. आठातले एक बाळ जाणार हे ज्या घराला ठाऊक असते, ते घर दोनवर थांबायची जोखीम कशी घेईल? त्या घराला आधी न्यूमोनियाचे औषध द्यायचे असते, घोषणा नंतर.

*

साताऱ्याची गंमत. २००७ मध्ये सातारा जिल्ह्याने नवविवाहित जोडप्यांसाठी योजना काढली: पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर ५,००० रुपये, तीन वर्षे लांबवले तर ७,५००. नाव ‘सेकंड हनीमून पॅकेज’. नावावर लोक हसले, पण कल्पना मूर्खपणाची नव्हती. मुले किती, याऐवजी ती केव्हा, यावर बोट होते. कोवळ्या वयातले बाळंतपण टळले तर आई वाचते.

मोजमापात मात्र इथेच घोटाळा होतो. सगळ्यांनी एकदम मूल दोन वर्षे पुढे ढकलले तर त्या दोन वर्षांत जन्मदर कोसळल्यासारखा दिसतो. मुले कमी झालेली नसतात, उशिरा येणार असतात. स्वीडनमध्ये उलटे झाले: दोन बाळंतपणांतले अंतर कमी ठेवणाऱ्या आईला १९८०च्या दशकात रजेच्या पगारात फायदा मिळू लागला, बायकांनी दुसरे मूल लवकर उरकले, १९९०च्या सुमारास दर २.१वर गेला आणि दशक संपता संपता १.५वर उतरला. चढताना धोरणाची वाहवा झाली. उतरताना मंदीकडे बोट.

*

चीन, थोडक्यात. जननदर १९७०च्या सुमारास पाचाच्या वर होता. एक मूल धोरण येण्याआधीच, ‘उशिरा, अंतराने, कमी’ या मोहिमेच्या दशकात, तो तीनच्या खाली आला. म्हणजे मोठी घसरण प्रसिद्ध धोरणाच्या आधीची. नंतर उलटा प्रयत्न: २०१६पासून दोन मुलांना परवानगी, २०२१पासून तीनला. २०१६ मध्ये जन्म पावणेदोन कोटींच्या वर होते, २०२३ मध्ये ९० लाख.

रुमेनिया, आणखी थोडक्यात. १९६६ मध्ये गर्भपातबंदी. पुढच्याच वर्षी जननदर १.९वरून ३.७. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, दर परत घसरला, चोरट्या गर्भपातांत मरणाऱ्या बायका वाढल्या.

दक्षिण कोरिया, एका ओळीत: बाळासाठी भत्ते, रजा, पाळणाघरे, सगळे देऊन २०२३ मध्ये ०.७२.

खाली ढकलणे अवघड. वर खेचणे त्याहून.

*

यवतमाळ जिल्ह्यात कोलाम राहतात. केंद्राच्या यादीत ते ‘विशेषतः असुरक्षित आदिवासी समूह’. अशा समूहांची संख्या घटू नये म्हणून मध्य प्रदेश सरकारने १९७९ मध्ये त्यांच्या नसबंदीवर बंदी घातली होती. पुढे छत्तीसगडमधल्या बैगा लोकांना, आम्हालाही थांबायचे आहे, हे सांगायला न्यायालयात जावे लागले. एका बाईला ऑपरेशन कर म्हणून मागे लागायचे, दुसरीने मागितले तरी द्यायचे नाही. दोघींपैकी एकीलाही विचारले नव्हते.

*

‘लेक लाडकी’ योजना: एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या मुलीला, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. सोबत पुढच्या हप्त्यांसाठी कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचा दाखला.

मूल्यमापन करणाऱ्याने इथे लाभार्थी मोजू नयेत. ती मुलगी तशीही जन्मणार होती. दोन मुलींवर थांबलेली घरे योजनेनंतर वाढली का, हे मोजावे. त्याला वर्षे लागतात, आणि वर्षे निवडणुकीच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

*

वारे फिरले आहे. आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जास्त मुलांचे आवाहन करू लागले. त्या वेळी महाराष्ट्रात अट कायम होती, जननदर १.७ असताना. पिढी भरून निघायला लागतात त्याहून कमी मुले असलेल्या राज्यात जास्त मुलांबद्दलची शिक्षा चालू.

दक्षिणेच्या काळजीमागे लोकसभा आहे. जागांची वाटणी १९७१च्या लोकसंख्येवर गोठवलेली. ज्यांनी मुले कमी केली त्यांच्या जागा घटू नयेत हा १९७६चा करार. तो उठायची वेळ आली, तसा पाळणा राजकारणाच्या खोलीत परत आला. पूर्वी घोषणा होती ‘हम दो, हमारे दो’. पुढची कोणती असेल ते भिंती सांगतील.

*

नवीन घोषणेचे पैसे मंजूर करण्याआधी लोहाऱ्यासारख्या एका वस्तीत चार गोष्टी तपासता येतील, आणि त्यांना आयोग लागत नाही. थांबायचे आहे पण साधन मिळत नाही अशा बायका किती? पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचे वय काय? दुसऱ्या मुलापर्यंत अंतर किती? आणि पहिली मुलगी असलेल्या घरात दुसरे मूल कोण? या चारांची उत्तरे आधी आणि नंतर घ्यावीत, शेजारी योजना नसलेल्या वस्तीतही घ्यावीत, आणि सासूला बाहेर बसवून घ्यावीत.

*

२०२७ची जनगणना होईल. यवतमाळचा आकडा येईल, बहुधा वाढ आणखी मंदावलेली दिसेल. ज्यांनी अट लावली ते श्रेय घेतील. ज्यांना आता लोकसंख्या वाढवायची आहे ते त्याच आकड्यावरून काळजी करतील. दोघांनाही आधी हे दाखवावे लागेल, की त्यांच्या परिपत्रकावाचून तो आकडा वेगळा आला असता. मतलबमध्ये ते दाखवता आले, कारण शेजारच्या गावाशी तुलना करायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवली होती. आपण परिपत्रक एकदम सगळ्या राज्यावर काढतो, आणि मग त्याचा परिणाम शोधायला जागाच उरत नाही.